फक्कीची गल्ली

कागदावरचा नकाशा कोणालाच उमगेना, तेव्हा आर्किटेक्ट पोरीने अख्खी गल्लीच मोकळ्या मैदानात चुन्याच्या पांढऱ्या फक्कीने आखून टाकली. भिंती, दारं, खिडक्या, सगळं खऱ्या मापाचं. आज घरं घेणाऱ्यांचं मतदान होतं. जुन्या वस्त्यांमधून पायी हिंडून तिने ही रचना बसवली होती: वळण घेत जाणारी अरुंद गल्ली, प्रत्येक दाराशी बसायला ओटा आणि मधोमध सगळ्यांचा एक चौक. नामंजूर झाली तर आगपेट्या मांडल्यासारखी सरळ रांगांची घरं उठणार होती. तिचं हे पहिलंच काम, जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि विरोधाचा झेंडा कोणाच्या हाती? सख्ख्या मामाच्या! मामा सोसायटीचे अध्यक्ष. "नातं घरी ठेवायचं," ते ठणकावून सांगत. "गाडी दारापर्यंत आली पाहिजे. पणजोबांच्या गल्ल्या हव्यात कोणाला?"

तिने सगळ्यांना आपापल्या घरात उभं राहायला सांगितलं. आधी माणसं फोटो काढायला आल्यासारखी अवघडली. मग शिंपीणकाकूंनी आपल्या ओट्यावर, म्हणजे गवतातच, फतकल मारली आणि समोर ओरडल्या, "काय हो, तुमची खिडकी माझ्या दारासमोर कशी?"

"बरंच आहे की," न्हावीदादा म्हणाले. "बोलायला फोन नको."

झालं! गप्पांना ऊत आला.

तेवढ्यात मामा रेषा तुडवत स्कूटरवरून आले.

"अहो, माझ्या शेगडीवर गाडी घातलीत!" काकू किंचाळल्या.

मामा असे ओशाळले की मुकाट्याने गाडी ढकलत गल्लीच्या तोंडाशी लावून आले. मग वळणावळणाने चालत स्वतःच्या दारापाशी पोचले आणि खाली टेकले.

मामी गेल्यापासून मामा तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. त्यांची बेल वाजलीच तर चुकून वाजे. नकाशा काढताना भाचीच्या डोक्यात ते मुळीच नव्हते, खोटं कशाला बोला. पण आता न्हावीदादा जाता जाता त्यांच्याशी दोन शब्द बोलायला थांबले, ते तिथेच बसले. निवृत्त मास्तर आले, तेही बसले. मास्तरांनी काहीतरी सांगितलं आणि मामा पोट धरून हसले. असं हसू तिने कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. मतदान गेलं खड्ड्यात, असं तिला क्षणभर खरंच वाटलं.

तरी विचारणं भाग होतं. "मामा, हात वर करायला सांगू का सगळ्यांना?"

"थांब. आधी एक दुरुस्ती."

तिने वही-पेन्सिल काढली.

"माझा ओटा चांगला हातभर वाढव," मामा उठत म्हणाले. "हे दोघं पसरले की मला माझ्याच दारात उभं राहावं लागतंय. आणि माझा हात वर आहे असं समज."

तिचे डोळे भरून आले. तिने फक्कीचा डबा उचलला आणि वाकून रेघ पुढे ओढू लागली.

"अजून," मामा म्हणत होते. "अजून थोडी."