माझ्या पोटातली जाड तार

मी जिन्याखालचा मेन स्विच बोलतोय. जरा घाईत बोलतोय, कारण सकाळचे सात वाजले की आजही माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

आठ बिऱ्हाडांची ही इमारत उभी राहिली, तेव्हा एका म्हाताऱ्या वायरमनने मला भिंतीवर ठोकलं. सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर त्याने लोड मांडला. घरटी दिवे, पंखे, एखादी इस्त्री आणि सगळ्यांचा मिळून एक पंप. घरांची बेरीज केली आणि ती सरळ निम्मी केली. सगळे काही एकदम लावत नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्यावरून माझा आकडा ठरला, त्रेसष्ट अँपियर. त्याहून फार जास्त ओढलं, तर माझ्या पोटातली बारीक तार वितळायची आणि लाइट जायची. माझी नोकरीच ती होती.

मग गीझर आले, विजेच्या शेगड्या आल्या, आणि माणसं एकदम लावायला लागली. सगळ्यांनाच आठच्या आत बाहेर पडायचं होतं ना! आठवड्यातून दोनदा तरी माझी तार उडायची आणि जिन्यात माझा उद्धार व्हायचा.

अशात तळमजल्यावरच्या सेक्रेटरीकाकांना नात झाली. तिचा पाळणा नेमका माझ्या मागच्या भिंतीला. पंखा थांबला की ती रडून घर डोक्यावर घ्यायची. एके दिवशी काकांनी मला उघडलं, बारीक तार काढली आणि चांगली जाड तांब्याची तार पिळून बसवली. त्यानंतर लाइट गेली नाही. सगळ्यांनी काकांची पाठ थोपटली.

माझी मात्र वाचाच गेली. रोज सकाळी मी तापायचो. खाली रद्दीचे गठ्ठे, मागे पाळणा, आणि मधे मी. माझ्यामागचा रंग पिवळा पडून फुगला, तरी कोणाचं लक्ष नाही. पोर भिंतीपलीकडे हसली की मला धडकी भरायची.

तिसऱ्या मजल्यावरच्यांना एसी हवा झाला, म्हणून लोड तपासायला वीज कंपनीची एक बाई आली. सगळे घरी सापडावेत म्हणून सकाळी साडेसहालाच. दारोदार जाऊन कोणाकडे काय काय आहे ते विचारू लागली. लोकांना वाटलं, ही आपल्याला पकडायला आली. गीझर म्हणे फक्त पाहुण्यांसाठी. एकीने तर शेगडीवर टॉवेल टाकला. बाईची बेरीज आली अठ्ठेचाळीस. एसी बसतोय की आरामात!

मी आतल्या आत तडफडत होतो. खोटं आहे हो ते सगळं, पण सांगू कसं?

सही करायला तिने कागद माझ्याच झाकणावर टेकवला आणि हात झटकन मागे घेतला.

"याला तर ताप आहे," ती म्हणाली.

एव्हाना सात वाजले होते. तिने वायरीला मीटर लावला. अठ्ठ्याऐंशी! मग मला बंद करून उघडलं, ती जाड तार चिमट्यात धरली आणि कोणी घातली म्हणून विचारलं. काका अभिमानानेच पुढे झाले.

"मीच घातली. सारखी लाइट जायची हो, पोर झोपायची नाही."

"काका, लाइट जायची म्हणून तर तुम्ही वाचलात."

काकांनी फुगलेल्या रंगाकडे पाहिलं. हात लावला. आत गेले आणि पाळणा ओढत दुसऱ्या खोलीत नेला.

बाईने कागद फाडला, मला बारीक तार घातली, आणि नवा मोठा स्विच बसेपर्यंत पाळीपाळीने गीझर लावायला बजावून गेली. ऐकतंय कोण! दुसऱ्याच दिवशी सात वाजून गेले आणि मी उडालो. किती दिवसांनी! माणसं डोक्याला साबण तसाच ठेवून जिन्यात आली. जाड तार कुठेय, ती घाला, असा एकच गलका. ती काकांच्या खिशातच होती. नात रडत होती.

काकांनी बारीकच तार घातली. मग जिन्यात वर बघून म्हणाले, "आधी कोणाचा गीझर, ते ठरवा. तोवर मी चालू करणार नाही."

आता माझ्या जागी नवा स्विच आहे आणि मी जिन्याच्या कोपऱ्यात भंगारवाल्याची वाट बघतोय. सात वाजले की अजून चुळबुळतो. जाता जाता एवढंच मागतो, नव्याची लाइट गेली तर त्याला शिव्या द्या हवं तर, पण त्याचं तोंड बंद करू नका. त्याच्या भिंतीपलीकडे पाळणा परत आलाय.