रूपाबाईचं राहिलेलं रडणं

मेडशीच्या पलीकडच्या तांड्यात मुलीचं लग्न ठरलं की सोनाराच्या आधी रूपाबाईला गाठायचं, असा शिरस्ता होता. बंजाऱ्यांच्या नवरीला मुकाट्यानं सासरी जाता येत नाही. एकेकाच्या गळ्यात पडून तिनं सुरात रडायचं असतं, बापाचं नाव घेऊन, भावाचं नाव घेऊन, दावणीच्या वासराचंसुद्धा. याला ढावलो म्हणतात. हे रडणं शिकावं लागतं, आणि शिकवणारी रूपाबाई. सूर चुकला की ती पोरींवर डाफरायची, आणि जमला की त्यांच्याआधी स्वतःच डोळे पुसायची.

दुष्काळ सरला त्या वर्षी तटलेली सगळी लग्नं एकदम निघाली. एका उन्हाळ्यात सात नवऱ्या. सातवी सासरी गेली आणि रूपाबाईचा आवाज बसला, तो काही उठेना. हळद झाली, ज्येष्ठमध झाला, कुणीकुणी सांगितलेले काढे झाले. दिवाळी गेली, होळी आली, तरी गळ्यातून फाटकी खरखरच. तांड्यातली गोजराबाई, जिला चांगलं बोलायचा जन्माचा कंटाळा, ती म्हणाली की लोकांच्या पोरींसाठी गळा झिजवला आणि आता स्वतःच्या पोरीच्या वेळी ही मुकी. बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं. रूपाबाईची लेक सुंदर येत्या वैशाखात उजवायची होती.

तिच्या नवऱ्यानं, उदयसिंगानं, आता कुणाचं ऐकलं नाही. मेडशीहून एस्टीनं अकोला, तिथून रेल्वेनं नागपूर, आणि तिथलं मोठं मेडिकल, जिथं डॉक्टर घडवतात. कपाळावर आरसा बांधलेल्या डॉक्टरीणबाई समोर बसल्या. विजयमाला त्यांचं नाव, वय सुंदरपेक्षा फार तर आठ-दहा वर्षांनी जास्त. त्यांनी विचारलं, काम काय करता? रूपाबाईनं खरं ते सांगितलं.

"पोरीयले रडनं शिकवतो."

मागं उभी असलेली शिकाऊ मुलं फस्सकन हसली. बाई हसल्या नाहीत. कसं रडायचं, किती वेळ, रोज का, असं खोदून खोदून विचारलं आणि सगळं कागदावर लिहिलं. वर्षभरात या गळ्याबद्दल कुणी इतक्या गांभीर्यानं विचारलं नव्हतं. रूपाबाईला तिथंच अर्धं बरं वाटलं.

मग फडक्यात जीभ धरून, दिव्यावर गरम केलेला इवलासा आरसा घशात घालून तपासणी झाली. बाईंनी पाहिलं, मोठ्या सरांनी पाहिलं, मग हसणारी ती मुलं एकामागून एक ओळीनं आली. विहिरीत डोकावल्यासारखे सगळे डोकावून गेले. रूपाबाईला एकदाही ओकारी आली नाही. दुसऱ्याच्या शिकण्यासाठी गळा कसा द्यावा हे तिला वेगळं सांगायला नको होतं.

आवाजाच्या पडद्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती. गाठ म्हटल्यावर उदयसिंगानं कॅन्सर आहे का म्हणून विचारलं. बाईंनी त्याला खुर्चीवर बसवून समजावलं, की ही गाठ बहुतेक आवाज ताणल्यानं आलेली आहे, तरी काढून तपासू. तोंडातून नळी घालून ती काढली, बाहेर चीरही नाही. चौथ्या दिवशी तपासणीचा कागद आला तेव्हा विजयमालाबाई स्वतः वॉर्डात धावत आल्या. साधी गाठ होती. रूपाबाईनं हात जोडले, कारण बोलायची बंदी होती.

खरी कठीण गोष्ट तीच. तीन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुजल्यानं गळ्याला उलट जास्त ताण पडतो. आणि मोठ्यानं रडायचं तर मुळीच नाही, जखम कच्ची आहे, आवाज कायमचा जाईल.

उदयसिंगानं बोटं मोजली. लग्न त्यातल्या अठराव्या दिवशी येत होतं. तारीख हलणार नव्हती, मुलाकडची मंडळी लगेच कामाला परगावी निघायची होती. "पोरीच्या लग्नात माय रडली नाई तर तांडा काय म्हनन, बाई?" त्यानं विचारलं.

डॉक्टरीणबाई रूपाबाईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "डोळ्यांनी हवं तेवढं रडा. गळ्यानं नाही. फक्त तीन आठवडे, माझ्यासाठी."

रूपाबाई परत आली आणि तोंडाला कुलूप लावून लग्नाच्या तयारीला लागली. कढई कुठली, पाहुणे किती, सगळं हातवाऱ्यांवर. सुंदरला ढावलो शिकवायचा तो मात्र राहूनच गेला. तिच्या हाताखाली शिकलेल्या जुन्या नवऱ्या माहेरी आल्या होत्या, त्यांनी सुंदरला आठ दिवसांत तयार केलं. आपलेच सूर दुसऱ्याच्या तोंडून आपल्या लेकीला मिळताना रूपाबाई चुलीपाशी बसून ऐकत राहिली. एके ठिकाणी सूर चुकला. तिनं पदर तोंडात कोंबला.

निरोपाची वेळ आली. सुंदर बापाच्या गळ्यात पडून रडली, काकाच्या, भावाच्या. असा ढावलो तांड्यानं बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. मग ती आईकडे आली. सगळी बायामंडळी सरकून उभी राहिली, गोजराबाई सगळ्यांत पुढं. रूपाबाईनं लेकीला मिठी मारली आणि आतून काहीतरी वर आलं, जे तिनं आयुष्यभर कधी अडवलं नव्हतं. ओठ उघडले.

सुंदरनं आपला तळहात आईच्या तोंडावर दाबला. "याडी, तू रडू नको," ती म्हणाली. "तुह्या वाट्याचं मी रडतो."

आणि ती आईच्या तोंडावर हात ठेवूनच रडली, आधी आपलं, मग आईचं. रूपाबाईचे डोळे नुसते वाहत होते. गोजराबाईनं तोंड फिरवून नाक पुसलं.

बाविसाव्या दिवशी नवरा-बायको पुन्हा नागपूरला. तोच आरसा, तीच ओळ. विजयमालाबाईंनी बराच वेळ आत पाहिलं. पडदे कसे पांढरे स्वच्छ झालेत ते मुलांना दाखवलं. मग फडकं बाजूला ठेवून म्हणाल्या, "आता बोला, रूपाबाई. काहीही बोला."

रूपाबाई घाबरली. गाडीत सबंध वाटेनं तिनं ठरवलं होतं की आधी बाईंचे उपकार मानायचे. तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"बाई, माही सुंदर सासरी गेली."

आवाज स्वच्छ होता. तो ऐकून तिला स्वतःलाच धक्का बसला, आणि मग काही आवरेना. समोरच्या डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात पडून ती ढावलो गाऊ लागली, अठराव्या दिवशी गायचा राहिलेला. लेकीचं नाव घेतलं, तिच्या लहानपणाचं घेतलं, रिकाम्या झालेल्या खाटेचं घेतलं. आणि जिथं मायबहिणींची नावं घेतात तिथं विजयमाला हे नाव घेतलं.

शिकाऊ मुलांपैकी कुणी हसलं नाही. मोठे सर दारात येऊन थबकले. बाईंच्या कपाळावरचा आरसा तिरका झाला होता आणि त्या रूपाबाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, हळू, रूपाबाई, हळू. थांबा असं मात्र त्यांनी एकदाही म्हटलं नाही.