नणंदेचं ताट

"वसू, आज तू तोंड उघडायचं नाहीस. नुसतं ताट उचलायचं," अक्का म्हणाली आणि माझ्या हातात नारळ ठेवला.

मी टेलिफोन एक्स्चेंजमधली सकाळची ड्यूटी संपवून नुकतीच घरात पाऊल टाकत होते. केसांवर हेडफोनचा वळ अजून तसाच होता. दाराला केळीचे खांब बांधलेले, पुढच्या खोलीत सतरंजी, आणि मधोमध पितळी ताटात पिवळी रेशमी साडी, फुलं, विडे. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या लेकीचा, विजयलक्ष्मीचा साखरपुडा होता. मुलगी सतरा वर्षांची. आणि नवरा मुलगा कोण, तर आमचा धाकटा भाऊ गोपालकृष्ण. मुलीचा सख्खा मामा.

महाराष्ट्रातल्या माणसांना हे वाचून झीट येईल. येऊ दे. आम्ही तंजावूरचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच विहिरींचं पाणी प्यालो. घरात मराठी बोलतो आणि लग्नं इथल्या रीतीनं लावतो. इथं भाचीवर पहिला हक्क मामाचा. पाळण्यातली पोर रडायला लागली की शेजारणी हसतात, "बघा गे, मामाची बायको रडते." पोर मोठी होते, तरी हसणं थांबत नाही. एक दिवस दाराला केळीचे खांब लागतात, तेव्हा कळतं की ती थट्टा नव्हती.

मला हे कळलं सोळाव्या वर्षी. माझा सांबशिवमामा बिजवर होता, दोन मुलांचा बाप. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून मी देवळातला रथ पाहिला होता. त्या माणसाशी लग्न कर म्हणाले, आणि मी नाही म्हटलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. मामानं त्या दिवसापासून आमच्या अम्माला दारात उभं केलं नाही. तिचं माहेर दोन गल्ल्या पलीकडे होतं. तिचे वडील वारले तेव्हासुद्धा ती रस्त्यावर उभी राहून रडली. मला पुढं कुणी मागणी घातली नाही. मामाला नाही म्हणणारी मुलगी उद्या नवऱ्याला काय म्हणेल, असा हिशेब लोकांनी केला. मी एस.एस.एल.सी., म्हणजे इथलं मॅट्रिक, झाले, नोकरी धरली, आणि दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देऊ लागले. घरी आल्यावर माझ्याशी बोलायला कुणी नसे. अम्मा जेवायला वाढायची, तेवढंच.

आता हे ताट माझ्याकडेच का, तेही सांगते. साखरपुड्यात नवऱ्याच्या बहिणीनं मुलीला कुंकू लावायचं आणि साडीचं ताट तिच्या हातात द्यायचं. ते दिल्याशिवाय मुलगी ठरली असं धरत नाहीत. गोपूला सख्ख्या बहिणी दोनच. त्यातली अक्का या खेपेला मुलीची आई. एकाच बाईनं देणारी आणि घेणारी दोन्ही कसं व्हायचं? उरले मी. जिला एरवी कुठल्या शुभकार्यात कुणी पुढं करत नसे, तिच्यावाचून त्या दिवशी सगळं अडलं होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी विजयलक्ष्मी माझ्या खोलीत आली होती. चटईच्या काड्या ओढत बसली.

"मौशी, मला टीचर ट्रेनिंगला जायचं आहे. मामा चांगला आहे गे. पण तो मामा आहे."

"मग सांग की तुझ्या आईला."

"तू सांगितलं होतंस," ती म्हणाली. "तुझं काय झालं ते मी लहानपणापासून पाहतेच आहे."

पोरीनं उद्धटपणे म्हटलं नव्हतं. खरं तेच म्हटलं होतं, आणि ते मला फार लागलं.

म्हणून नारळ खाली ठेवून मी तशीच मागच्या अंगणात गेले. गोपू विहिरीपाशी तोंड धूत होता. एकतीस वर्षांचा बाप्या, बँकेत नोकरी, आणि चेहरा शाळेत मार खाऊन आल्यासारखा.

"गोपू, तुला हे लग्न हवं आहे?"

"तिला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, वसू. मला नुसतं आठवलं तरी कसंतरी होतं."

"मग बोल ना! मामानं हक्क सोडला म्हटलं की मुलीला कुणी नावं ठेवत नाही. तू एक वाक्य बोल, पोर सुटेल. ती बोलली तर तिची वसुमती होईल."

"अक्का मग जन्मभर माझ्याशी बोलणार नाही."

"म्हणून?"

"बघतो," तो म्हणाला आणि टॉवेलात तोंड खुपसलं.

पुरुषांचं हे 'बघतो' मी पुष्कळ ऐकलं आहे. तरी त्या दिवशी विश्वास ठेवला. दुसरं हातात काय होतं?

सगळे बसले. एका बाजूला अक्का आणि शेषगिरी भावोजी, मध्ये विजयलक्ष्मी मान खाली घालून. दुसऱ्या बाजूला गोपू, अम्मा आणि मी. भटजींनी दोन्हीकडची गोत्रं म्हटली आणि विचारलं, "कुणाची काही हरकत?" विचारायची रीत असते म्हणून विचारलं. मी गोपूकडे पाहिलं. गोपूनं छताकडे पाहिलं. वर पाहण्यासारखं काही नव्हतं, नुसता एक बंद पंखा होता.

"वसू, ताट उचल," अम्मा म्हणाली.

माझे हात मांडीवर होते. ते तिथंच राहिले.

"वसू!"

"मी उचलणार नाही," मी म्हटलं. "आधी पोरीला विचारा."

मग अक्का जी उठली! "मला ठाऊक होतं! तुझ्या पोटात दुखतंय. तुझं झालं नाही, म्हणून माझ्या लेकीचंही होऊं नये, असंच ना?"

"होय," मी म्हटलं. "असंच समज."

हे मी मुद्दाम म्हटलं. पोरीचं नाव निघायला नको होतं, गोपूचंही निघायला नको होतं. सगळा राग एका जागी जायला हवा होता, आणि मला त्याची सवय होती.

भटजी म्हणाले, चुलत बहीण चालेल, शेजारच्या चंद्रमतीला बोलवा. पण शेषगिरी भावोजी शकुन पाहणारे. सख्ख्या बहिणीनं नाकारलेलं ताट दुसरीनं उचलून माझ्या मुलीच्या ओटीत घालायचं नाही, म्हणाले, आणि अंगवस्त्र खांद्यावर टाकून उठले. त्यांच्या मागून अक्का, अक्काच्या मागून विजयलक्ष्मी. दारातून जाताना ती वळून पाहील असं मला वाटलं होतं. तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तीही यात होती असं लोक म्हणाले असते, हे मला कळत होतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

संध्याकाळी अम्मा माझ्यासमोर येऊन बसली. आवाज चढवला नाही.

"एकदा तू माझं माहेर घालवलंस. आता लेकीचं घर घालवलंस. मी जायचं कुठं, सांग."

तुम्ही म्हणाल, तुझं बरोबर होतं. होतंच. पण अम्माचं ते बोलणंही खोटं नव्हतं.

मोडलेल्या सोयरिकीची चर्चा नको म्हणून भावोजींनी विजयलक्ष्मीला कोइंबतूरला ट्रेनिंगला धाडलं. तिथंच तिला शाळेत नोकरी लागली. गोपूनं मदुरैला बदली करून घेतली, तिथं लग्न केलं आणि अम्माला घेऊन गेला. मला अम्माचं पत्र येत नाही. तिला लिहिता येत नाही, आणि गोपूला लिहायला तोंड नाही. अक्का याच गावात राहते. बाजारात मी दिसले की ती वांगी तशीच टाकून पुढच्या गाड्यावर जाते. मी भाडं परवडतं म्हणून त्याच घरात राहिले. स्वयंपाक एकीचा, त्यात उरतं ते दुसऱ्या दिवशी खाते.

अशी सहा वर्षं गेली. मग एका दुपारी बोर्डावर डॉक्टर तुळजारामांच्या घरचा दिवा लागला. त्यांच्या कंपाउंडरनं कोइंबतूरचा अर्जंट ट्रंक कॉल मागितला, मुलींच्या शाळेचं हॉस्टेल, विजयलक्ष्मी टीचर. बोलणार नागलक्ष्मी अम्माळ, म्हणजे आमची अक्का. अक्काचं घर डॉक्टरांच्या शेजारी. तार आली होती, पोरीला टायफॉइड झाला होता, तेही त्यानंच सांगितलं.

माझ्या हातून बोर्डावरचा दोर दोनदा चुकीच्या भोकात गेला. कोइंबतूर लागलं. मी तमिळमध्ये एवढंच म्हटलं, "पेसुंगो." बोला.

नियमाप्रमाणे मध्ये ऐकायचं नसतं. मी ऐकलं.

"अम्मा, मी बरी आहे. ताप उतरला. कालपासून पेज खाते," विजयलक्ष्मीचा आवाज बारीक, पण तिचाच. अक्का नुसती रडत होती. मीही तोंडावर पदर धरला होता, कारण शेजारच्या खुर्चीवर सुपरवायझर होती.

तीन मिनिटं झाली की ऑपरेटरनं विचारायचं असतं. मी विचारलं, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?" तमिळमध्ये विचारायचं ते मराठीत विचारून बसले.

एक्स्चेंजमध्ये मराठी बोलणारी मी एकटीच, अक्कानं आवाज ओळखला असणार. आता अक्का फोन ठेवणार, असं मी धरून चालले.

"वाढव," अक्का म्हणाली.

मी वाढवलं. मग अक्का मोठ्यानं बोलायला लागली.

"अम्मा मदुरैत बरी आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता दिसतं. गुडघे दुखतात. गोपूची बायको करते तिचं, वाईट नाही मुलगी. अम्मा जेवते नीट. ताक अजून लागतंच तिला."

"अम्मा, हे सगळं ठाऊक आहे मला," विजयलक्ष्मी म्हणाली. "मी पोंगलला मदुरैलाच होते ना."

"असूं दे," अक्का म्हणाली. "मी सांगते आहे, सांगूं दे."

वेळ संपेपर्यंत अक्का अम्माचंच सांगत राहिली, ती सकाळी केव्हा उठते, कुणाची आठवण काढते, कुणाची काढत नाही. मी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला होता.