मिक्सरवरचा स्कार्फ

मी क्रोशाने विणलेला पहिला स्कार्फ माझ्या धाकट्या जावेने, स्वरदाने, सरळ मिक्सरवर घातला. "छान झालंय हो कव्हर, ताई!"

असली तडकले! पण चूक माझीच होती. वीस वर्षं तोरणं आणि रुमाल विणून हाताला दोरा ओढून धरायची सवय. स्कार्फ पुठ्ठ्यासारखा ताठ झाला होता.

दुसऱ्या स्कार्फसाठी जाड सुई घेतली, दोरा बारीकच ठेवला आणि हात मुद्दाम सैल सोडला. काल तो डोक्याला बांधून स्कूटरवरून गंगापूर रोडला गेले. वाऱ्यावर तो असा भुरभुरत होता, की सिग्नलला दोन मुलींनी विचारलं, "काकू, कुठून घेतला?"

घरी आले, तर स्वरदा दारातच. "ताई, हा मला द्या ना!"

म्हटलं, "तुझा मिक्सरवर आहे."