पितराच्या पाटावर दोधू

"दोधूदादा, पाय पुढे कर," माझा मुलगा नवल म्हणाला आणि परात पुढे सरकवून गुडघ्यांवर बसला.

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सकाळ होती. ओसरीवर पाट मांडला होता, पानात पुरणपोळी वाढली होती, आमरसाची वाटी भरली होती. माझे यजमान गावचे पाटील; ते वारल्यापासून दर आखाजीला त्यांचे पितर म्हणून त्या पाटावर गिरधरभाऊजी बसत. ते यजमानांचे चुलतभाऊ आणि आमच्या भावकीतले वडीलधारे. आजही ते धुतलेले धोतर नेसून वेळेवर आले होते आणि दाराशीच थबकले होते; कारण पाटावर आमचा सालदार, दोधू भिल, बसला होता.

"भाऊ, मी ते जित्ता शे," दोधू हळूच म्हणाला. "माले मरेल मानूसना पाटवर कसाले बठाडी ऱ्हायना?"

"आज तू मन्हा बाप शे. बापना पाय पोऱ्यानी नही धोवा ते कोन धोई?"

गिरधरभाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी, मन्हा भाऊ आते भिलना तोंडतून जेवी का? पादरीस्कडे पोऱ्या धाडा, आते भोगा!"

नवलला मुंबईला पाद्र्यांच्या कॉलेजात मी पाठवले होते, हे खरे आहे. आमच्या ब्राह्मणपुरी गावात तोवर कोणाचा मुलगा एवढा लांब गेला नव्हता. भावकी म्हणाली, पोरगा बाटेल. मी म्हणाले, माझा मुलगा आहे, बाटणार नाही. तो बाटला नाही. तो मामलेदार होऊन परत यावा, एवढीच माझी इच्छा होती. पण त्या कॉलेजात ख्रिस्ती नसलेल्या मुलांसाठी नीतीचा वेगळा तास असे, आणि नवल तो सोडून ख्रिस्ती मुलांच्या धर्माच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. तेथे एक म्हातारे फादर श्रद्धा आणि न्याय हे दोन विषय एकत्र शिकवीत. मजुराला दान देऊन पुण्य मिळवू नका, जे त्याचे आहे ते आधी त्याला परत करा, असे ते सांगत. सुट्टीत घरी आला की नवल जेवता जेवता मला हे सारे ऐकवी. मी ऐकून घेत असे. शिकलेल्या मुलाने आईशी बोलावे, हेही काही थोडे नाही.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्याने कॉलेजाच्या ख्रिस्ती देवळात एक विधी पाहिला होता. फादरांनी जमिनीवर गुडघे टेकून बारा माणसांचे पाय धुतले, आणि त्या बारांत वसतिगृहाचा झाडूवालाही होता. नवलने मला हे सांगितले, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते. "माय, पितरना पाय ते आपुन बी धोतस," तो म्हणाला होता. "आपला धरममा जागा शे. फक्त मानूस बदलाना शे." मी तेव्हा ते नुसते बोलणे समजून सोडून दिले. माणूस बदलायचा म्हणजे दोधूला बसवायचे, हे मला त्या सकाळी ओसरीवर आल्यावर कळले.

दोधूविषयी सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. नवलच्या जन्माआधीपासून तो आमच्याकडे होता. तापीला उतार असला की नवलला खांद्यावर घेऊन पलीकडे नेई. जेवायला गोठ्याजवळच्या निंबाखाली बसे. त्याची थाळी गोठ्याच्या कोनाड्यात असे आणि ती तोच घासून ठेवी. फार बोलत नसे. बैलांशी मात्र बोले. आमच्याकडे सालदाराचे साल आखाजीला संपते आणि त्याच दिवशी पुढचे ठरते. त्यामुळे त्या सकाळी दोधू कोणाचाच चाकर नव्हता. संध्याकाळपर्यंत माझ्याकडून नवे पागोटे आणि पुढच्या सालाचा शब्द मिळावा, एवढ्याच आशेने तो आला होता.

त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली असती, तर तो उठला असता. पण गिरधरभाऊजींच्या देखत माझ्या मुलाने मांडलेला पाट मी उचलणार नव्हते. घरच्या माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावणे ही आमच्या घराची रीत नव्हे. मी वाढपिणीला म्हणाले, "पोयीवर तूप वाढ."

नवलने दोधूचे पाय धुतले, स्वतःच्या उपरण्याने पुसले. भेगाळलेल्या टाचेतली माती त्याने बोटाने काढली. दोधू जेवला. घास तोंडात घाली आणि तो गिळेपर्यंत डोळे मिटून बसे. पान संपल्यावर त्याने विचारले, "व्हयनं का पुरं, भाऊ? ऊठू का?"

नांगरटीचे शेवटचे तास मारून झाल्यावर तो याच आवाजात विचारीत असे. नवलच्या ते ध्यानात आले नाही. तो आनंदात होता.

दुपारी पारावर सालदारांचे ठरते. मी दोधूला ठेवणारच होते. पण रिवाजाप्रमाणे तो पारावर जाऊन बसला. येणारे जाणारे शेतकरी त्याला वळसा घालून जात. गिरधरभाऊजी मोठ्याने म्हणाले, "अरे, तो ते मन्हा भाऊ शे आते! भाऊले कोन औतले जुपी?" सारा पार हसला.

नवल धावत गेला. "हाऊ न्याय शे का?" त्याने विचारले.

"न्याय मम्हईले ऱ्हास, भाऊ," कोणीतरी उत्तर दिले. "आठे आमले आभाय देखीसन जगनं पडस."

मी निरोप धाडला की दोधू आमच्याकडेच राहील, आणि ज्याला हरकत असेल त्याने माझ्या दाराशी येऊन सांगावे. गावातले कोणी आले नाही. आला तो भिलाटीचा, म्हणजे भिलांच्या वस्तीचा, कारभारी दिवाल्या. अंगणाबाहेर उभा राहून तो म्हणाला, "माय, दोधूनी मरेल पाटीलना घास खादा. आते त्याना आंगमा कोन शे, आमले काय मालूम? त्यानी बायको धनू त्याले घरमा येऊ देस नही."

"दिवाल्या," मी म्हणाले, "मन्हा मालक जित्ता व्हता तवय बी कोना घर बिनबोलायेल गया नही. आते जाई का?"

दिवाल्या हसला. पण त्याने ऐकले नाही.

मग नवल स्वतः भिलाटीत गेला. त्यांनी त्याला खाट टाकून दिली, पाणी दिले. सगळी माणसे समान आहेत, मेलेला माणूस जिवंताच्या अंगात येत नाही, असे त्याने पुष्कळ समजावले. प्रत्येक वाक्याला ते म्हणाले, "भाऊ सांगस ते खरं शे." तो उठून आला आणि धनूचे दार दोधूला बंदच राहिले.

सुट्टी संपल्यावर नवल मुंबईला गेला. दिवाळीला आला तेव्हा वाळला होता. मी विचारले, तर म्हणाला, फादरांना सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, पाटावर बसायची दोधूची इच्छा आहे का, हे तू त्याला विचारले होतेस का?

"मंग तू काय सांगं?" मी विचारले.

नवल उठून आत गेला. पुढे त्याने त्या तासाला जाणे सोडले. आज तो धुळ्याला वकिली करतो आणि चांगली करतो. न्याय हा शब्द आता तो फक्त कोर्टात उच्चारतो.

दोधू आमच्या गोठ्यातच राहिला. जोडीने करायच्या कामाला त्याच्याबरोबर कोणी उभे राहीना. मोट तो एकटाच हाकी आणि एकटाच रिकामी करी; बैलांना थांबवायचे, धावत जाऊन मोट उपडी करायची, पुन्हा धावत मागे यायचे. गावातल्यांनी ते पाहिले आणि पाहायचे सोडून दिले. तो दुसऱ्या कुठल्या गावी का गेला नाही, असे मला पुष्कळांनी विचारले. गेलाही असता, पण भिलाटीतला धूर गोठ्यातून दिसे.

पुढची आखाजी आली. नवल येणार नव्हता. सकाळी दोधू आंघोळ करून माझ्या दाराशी उभा राहिला.

"माय, धनूनी मन्ही घागर भरी. वर ठेवाले आंबा नहीत. दोन देशी का?"

ज्या घरातले माणूस वर्षभरात गेले असेल, त्या घरी आखाजीला त्याच्या नावाने नवी घागर भरतात. त्याला पाणी पोचावे म्हणून.

मी आढीत हात घातला. वरचे आंबे डागी होते. खालून दोन चांगले, देठाशी पिवळे झालेले, निवडून त्याच्या हातांवर ठेवले. त्याने ते धोतराच्या सोग्यात बांधले आणि उन्हातून भिलाटीकडे गेला. भिलाटीच्या वेशीबाहेरच्या दगडावर आंबे ठेवून तो थोडा मागे सरकून उभा राहिला. धनू आली. तिने आंबे उचलले, पदराने पुसले, आणि त्याच्याकडे न पाहता परत गेली.

तो आला आणि बैलांना पाण्यावर घेऊन गेला.