चारशेची लेन्स

या, अशा जवळ येऊन बसा. मागे भिंतीला टेकलेत त्यांनीही पुढे सरका. जागा आहे, आणि गोष्ट हळू आवाजात सांगण्यासारखी आहे. साधुसंतांची नाही, राजाराणीची नाही, मोटारसायकलच्या शर्यतीची आहे. हसू नका. देवाने कुठे उभं राहायचं हे आपण थोडंच ठरवतो? त्या दुपारी तो एका वळणावर, तारेच्या कुंपणापाशी उभा होता, आणि त्याच्या शेजारी गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक बाप.

हा बाप स्टुडिओवाला. तीस वर्षं तोंडी एकच मंत्र: "हलू नका, हनुवटी जरा खाली, हां!" लोकांना स्थिर बसवण्यात जन्म गेला, आणि पोटी आली कोण, तर घटकाभर एका जागी न टेकणारी मुलगी. एकविसाव्या वर्षी ती शर्यतीत उतरली. आईने आधी आदळआपट केली, मग आठवडाभर अबोला धरला आणि शेवटी नवऱ्याला अट घातली, "प्रत्येक शर्यतीला तुम्ही जायचं. ती गाडीवरून खाली उतरली की मला फोन करायचा. नंबर कितवा आला ते मला नको."

पहिल्या शर्यतीचे फोटो बापाने मोठ्या हौसेने दाखवले. लख्ख ऊन होतं, म्हणून शटर ठेवलं होतं सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर. मुलगी पोट धरून हसली.

"बाबा, मी दीडशेच्या वेगानं जात होते हो! तुम्ही तर मला पार्क करून ठेवलंत. चाकाचे आरे मोजून घ्या!"

तेव्हा त्याला गुरू भेटला. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, वयाने निम्मा, उन्हाळा-हिवाळा एकच टोपी घालणारा. टोपीवाला म्हणाला, "काका, गाडी समोरून येत असेल तर शटर हजाराच्या वर. बाजूनं जात असेल तर एकशे पंचवीसवर आणा आणि तिच्याबरोबर कमरेतून वळा. गाडी स्पष्ट येते, मागचं सगळं पुसलं जातं, मग वेग दिसतो. आणि बटण दाबलं म्हणून थांबायचं नाही. गाडी गेली तरी वळत राहायचं. थांबलात की फोटो मेला."

"आणि दुसरा डोळा?"

"उघडा! ही चारशे मिलिमीटरची लेन्स दूरचं जवळ आणते, पण शेजारचं सगळं गिळून टाकते."

काकांनी स्टुडिओसमोरच्या रस्त्यावर महिनाभर सराव केला. येणाऱ्याजाणाऱ्या सायकलींबरोबर वळत बसायचे. एक सायकलवाला तर घाबरून परत आला, "साहेब, मी सिग्नल तोडला का?" वळणं जमलं. न थांबणं जमलं. दुसरा डोळा मात्र मिटायचाच. तीस वर्षांची सवय, ती महिन्यात थोडीच मोडते!

आता त्या दुपारकडे या. बारा फेऱ्यांची शर्यत. शटर एकशे पंचवीस, अ‍ॅपर्चर अकरा, आयएसओ शंभर. काकांनी दोनदा तपासलं. मुलगी ज्या गॅरेजकडून धावायची, त्याच गॅरेजचा आणखी एक जण त्या शर्यतीत होता. तयार व्हायला तास लावायचा म्हणून सगळे त्याला गोगलगाय म्हणत. रस्त्यावर मात्र तो वाऱ्याला मागे टाकी. दोघांचे पोशाख लाल, हेल्मेट लाल. लाल रंगाचे हे दोघेच.

सातवी फेरी. मुलगी वळणावर आली, काका वळले, बटण दाबलं. चौकटीत आतल्या बाजूने दुसरं लाल काहीतरी घुसलं. आणि पुढच्या क्षणी चौकट रिकामी.

आता बघा सवय काय असते. कॅमेरा थांबला नाही. शिकवल्याप्रमाणे तो वळतच राहिला, रिकाम्या रस्त्यावर, नसलेल्या गाडीच्या मागे. मग काकांनी लेन्स मागे फिरवली. धूळच धूळ. ऑटोफोकस कधी कुंपणाची तार पकडतोय, कधी धूळ. त्यांनी बटण सरकवून तो बंद केला आणि हाताने लेन्सची कडी फिरवू लागले. हळूहळू दिसलं. खडीत कुशीवर पडलेली एक लाल आकृती. पाठीवरचा नंबर मातीने भरलेला. हालचाल नाही.

कुंपण ओलांडता येत नव्हतं. बाकीच्या गाड्या अजून धावत होत्या. हातात होती ती फक्त लेन्स. आणि ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना हलू नका म्हणून बजावलं, तो काचेला डोळा लावून पुटपुटत होता, "हल. हल गं बाळा. बोट तरी हलव. देवा, एवढंच."

खांद्यावर कुणीतरी थाप मारली.

"थांबा जरा!" काका डोळा न काढता ओरडले.

पुन्हा थाप.

"अहो थांबा म्हणतो ना!"

"बाबा, कुणाचे फोटो काढताय?"

त्यांनी कॅमेरा खाली घेतला. मुलगी उभी होती. हेल्मेट काखेत, कोपर खरचटलेलं, भुवयांवर धूळ. गोगलगायीपासून वीस पावलांवर, टायरांच्या भिंतीपाशी ती घसरत येऊन थांबली होती, उठली होती, आणि वळणावर मदतीला उभ्या असलेल्या मार्शलने हाताला धरून तिला कुंपणातल्या फटीतून बाहेर आणलं होतं. दुसरा डोळा उघडा असता तर काकांनी हे सगळं बघितलं असतं.

"मान हलव," काका म्हणाले.

"हलली."

"हात हलव. दोन्ही."

"बाबा, हा स्टुडिओ नाहीये."

मग ते हसले की रडले ते त्यांनाच सांगता आलं नाही. घरी फोन लावला. "उतरली," म्हणाले.

"कशी उतरली? आवाज का असा तुमचा?"

"उतरली गं. उभी आहे. उलट उत्तरं देतेय."

"मग ठीक आहे," पलीकडून मोठा श्वास आला. "द्या तिला."

मुलगी आईशी बोलू लागली, आणि काकांच्या छातीवरचा डोंगर उतरला. बरं झालं, ती नव्हे! असं मनात आलंच. कुणाच्या येत नाही? देव त्यावर रागावत नाही. पण तिथेच टेकून बसूही देत नाही. दुसऱ्याच श्वासाला काकांना वाटलं, ती नव्हे, पण कुणीतरी आहेच की तिथे.

शर्यत आता थांबवली होती. त्यांनी शटर हजारावर नेलं, कॅमेरा उचलला. या वेळी दोन्ही डोळे उघडे. खडीत तीन मार्शल गुडघ्यांवर बसले होते. त्यांच्या खांद्यांमधून एक हातमोजा वर आला आणि त्याचा अंगठा उभा राहिला. काकांनी बटण दाबलं, आणि पळत सुटले.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर गोगलगायीची आई कठडा धरून उभी होती. तिला तिथून दिसत होती फक्त धूळ आणि माणसांच्या पाठी. वाट बंद, खाली कुणी जाऊ देईना.

"ताई, हे बघा!" काकांनी धापा टाकत कॅमेऱ्याचा मागचा पडदा पुढे धरला.

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही हो. काय आहे?"

काकांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. "अंगठा. वर केलाय."

बाईने पडद्यावर बोट ठेवलं. "त्याचाच का? नक्की?"

या प्रश्नाचं वजन त्या घडीला काकांइतकं कुणाला ठाऊक होतं! त्यांनी मागून येणाऱ्या मुलीकडे हात केला. "लाल दोघेच होते, ताई. एक ही. दुसरा तो."

बाई पायरीवर बसली. पदराने तोंड पुसून म्हणाली, "घरी येऊ दे, तो अंगठाच मोडते मेल्याचा."

मुलगी तिच्या शेजारी बसली, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत राहिल्या. गोगलगायीच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. सहा आठवड्यांत जुळलं, आणि तयार व्हायला तो अजूनही तासच लावतो.

तर माझं मागणं एवढंच. आज झोपण्याआधी हात जोडाल तेव्हा त्या बाईची आठवण काढा, कठडा धरून धुळीकडे बघत उभ्या राहिलेल्या. तिच्याजवळ लेन्स नव्हती. अशी माणसं आजही कुठे ना कुठे उभी असतील; त्यांच्याकडे कुणीतरी पळत जावं, एवढं मागा.