माझी 'ए'ची कळ कुणी झिजवली

आमच्या बाईंना या सगळ्यातून मिळणार काय होतं, ते आधी सांगून टाकतो. लिहिणाऱ्यांच्या एका गटाच्या वार्षिक संग्रहात एक पान. पानाच्या डोक्यावर नाव, नावाशेजारी टपाल तिकिटाएवढा फोटो. आणि तो संग्रह मोठ्या जाऊबाईंच्या हातात ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटेल, ते. कारण जाऊबाई एकदा चारचौघांत म्हणाल्या होत्या, "तू आणि गोष्टी? तुला लिहिता येतात ती दवाखान्याची पत्रकं!"

एवढ्यासाठी माझी 'ए'ची कळ गेली, मित्रांनो.

मी एक जुना कळफलक आहे. संगणकासमोर आडवा पडून असतो आणि दिवसभर बोटांचे ठोसे खातो. रंगाने काळा होतो, आता करडा म्हणा. माझ्या फटींमध्ये बिस्किटाचा चुरा आहे, एक तुटलेलं नख आहे आणि टाचणीचं एक डोकं आहे. ते कुठून आलं हे मलाही माहीत नाही. माझ्यावर अक्षरं इंग्रजी आहेत, पण ती दाबली की पडद्यावर मराठी उमटतं. म्हणजे 'ए' दाबली की अ. मराठीत अ किती लागतो, हे तुम्हाला शाळेत कुणी सांगितलं नसेल. मला विचारा.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांब पट्ट्यावरून मी पुढे सरकत गेलो आणि दोन्ही बाजूंच्या बायकांनी माझ्यावर एकेक कळ बसवली. शेवटच्या बाईने सगळ्या कळा एकदा दाबून पाहिल्या आणि मान हलवली. तेवढीच माझी परीक्षा. त्यात मी पहिल्या झटक्यात पास झालो.

तिथून मी आलो एका दंतवैद्याच्या दवाखान्यात. आमच्या बाई तिथे दारापाशी बसून नंबर लावतात. त्या वेळी त्यांचा हात बघायला हवा होता तुम्ही! पेशंटचं नाव टाइप करायच्या, मग वाचायच्या, मग पेशंटकडे बघून मोठ्याने पुन्हा वाचायच्या. "डावीकडची खालची दाढ, बरोबर ना?" असं विचारून मगच पुढचा माणूस. कारण इथे वाचण्यात चूक झाली, तर भलत्याची दाढ हातात यायची. सात वर्षांत एकदाही तसं झालं नाही. मला वाटायचं, वाचावं तर या बाईंनी.

मग दवाखान्यात नवा कळफलक आला, कळांखाली निळा दिवा लागणारा. डॉक्टर म्हणाले, "हा जुना घेऊन जा घरी." मला वाटलं, संपलं आपलं. पण बाईंनी घरी आल्यावर मला ओल्या फडक्याने पुसलं, संगणकाला जोडलं, आणि आठवडाभरात त्या 'लिहिते हात' नावाच्या ऑनलाइन गटात शिरल्या.

या गटात दोनशे बारा माणसं आहेत. दर सोमवारी संचालिका ताई एक शब्द देतात. त्यावर प्रत्येकाने काहीतरी लिहायचं आणि इतरांनी त्याखाली प्रतिसाद द्यायचा. कल्पना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. बाईंनी पहिली गोष्ट लिहिली तेव्हा अकरा दिवस माझ्यावर बोटं अडखळत होती. ती गटात टाकली तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. पहिला प्रतिसाद आला: "छान!" दुसरा: "खूपच छान!" तिसरा मात्र चांगला लांब होता.

"दुसऱ्या परिच्छेदात शेजारीण डाव्या हाताने दार उघडते. चौथ्यात तिचा डावा हात गळ्यात बांधलेला आहे. कोणता खरा? 'पिशवी'ची पहिली वेलांटी ऱ्हस्व. बाकी, शेजारीण मला भेटली. पुढे लिहा."

हे लिहिणारे गृहस्थ छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. म्हणजे छापण्याआधी दुसऱ्याच्या चुका शोधण्यात जन्म घालवलेला माणूस. गटात त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

बाईंना त्या दिवशी राग आला. पण गुपचूप त्यांनी हात उजवा केला, वेलांटीही पहिली केली. ते मी पाहिलंय.

आता माझं दुखणं ऐका. गटाचा एक नियम आहे: आपण एक लेख टाकला की इतरांच्या पाच लेखांवर प्रतिसाद द्यायचा. नियम चांगल्या मनानेच केला असणार. पण माणसं हुशार असतात, मित्रांनो. पाच वाचायचे कशाला, पाच लिहिले की झालं! मी तुला 'अप्रतिम', तू मला 'अप्रतिम'. बाईंनी महिनाभर हाताने लिहून पाहिलं. मग त्यांना शोध लागला की संगणकाला एक वाक्य शिकवून ठेवता येतं. त्यांनी शिकवलं. 'ए' तीनदा दाबली की पडद्यावर आपोआप उमटायचं: "अप्रतिम! शेवट तर अंगावर आला! डोळे पाणावले! असंच लिहीत राहा!"

एका वाक्यात चार उद्गारचिन्हं. आणि हे कशाखालीही. एकाने प्रवासातल्या हरवलेल्या चपलेवर विनोदी लिहिलं, तरी बाईंचे डोळे पाणावले. एकीने गोष्टीच्या शेवटी 'क्रमशः' लिहिलं होतं, तरी तिचाही शेवट बाईंच्या अंगावर आला.

आमच्या बाईंचे यजमान कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या घासून देतात. ते एकदा मागे उभे राहून बघत होते.

"अगं, तू वाचलंस का हे?"

"वाचते ना."

"कधी? मी इथे उभा राहिल्यापासून तू सहा जणांना रडून दाखवलंस."

"अहो, प्रोत्साहन असतं ते. लोकांना उभारी मिळते."

"मीही असं करू का? गिऱ्हाईक आलं की कुलूप न बघताच किल्ली देतो. म्हणतो, अप्रतिम कुलूप आहे, असंच लावत राहा."

"तुम्ही जा बरं दुकानात."

ते गेले. बाईंनी 'ए' तीनदा दाबली. तेव्हापासून मोजा. दिवसाला वीस-वीस प्रतिसाद, प्रत्येकाला तीन ठोसे. माझ्यावरचं 'ए' आधी पुसट झालं, मग गेलं, मग कळेला बोटाच्या आकाराचा खळगा पडला. माझ्या उजव्या टोकाला एक खोडायची कळ आहे. लिहिलेलं पुसून पुन्हा नीट लिहिता यावं म्हणून ती असते. तिच्यावर मात्र धूळ. गटात कुणालाच काही खोडावंसं वाटत नव्हतं.

एकदाच, फक्त एकदाच, दिवस पालटले. वार्षिक स्पर्धेचा शब्द आला: 'पोकळी'. निवडलेले लेख संग्रहात छापणार होते. आणि बाईंना दवाखान्यातली एक आजी आठवली. आजींची कवळी सैल होती. त्या दर आठवड्याला यायच्या, नंबर लावायच्या, आणि नंबर आला की शेजारच्याला म्हणायच्या, "तुम्ही जा आधी, मला घाई नाही." असं करत करत दवाखाना बंद व्हायची वेळ आणायच्या. कवळी बसवून घेतली असती तर बाकावर बसायला निमित्त उरलं नसतं.

ही गोष्ट बाईंनी तीन आठवडे लिहिली. एक ओळ लिहायची, दोन खोडायच्या. खोडायच्या कळेवरची धूळ उडाली! बाईंनी गटात वेलांटीकाकांना सांगूनही ठेवलं होतं, "नंबर सोडून देणाऱ्या आजींची गोष्ट आणतेय, या वेळी चूक काढून दाखवा." काकांनी उत्तर दिलं होतं, "आणा. चष्मा पुसून बसतो."

त्याच सुमारास डॉक्टरांनी बाईंना एक पत्रक नीट टाइप करायला दिलं होतं: दाढ काढल्यावर घ्यायची काळजी. आता बाईंची फायलींना नावं द्यायची तऱ्हा ऐका. पत्रकाचं नाव 'अंतिम'. गोष्टीचं नाव 'अंतिम नवीन'. मग गोष्ट पुन्हा सुधारली तेव्हा 'अंतिम खरं', आणि पत्रक पुन्हा सुधारलं तेव्हा 'अंतिम एकदम खरं'. मी खाली पडून ओरडत होतो, पण कळफलकाला तोंड नसतं.

शेवटच्या दिवशी बाईंनी 'अंतिम एकदम खरं' उघडलं, न बघता सगळं उचललं आणि स्पर्धेत चिकटवलं. शीर्षक 'पोकळी'. खाली हे:

"रक्त थांबेपर्यंत कापूस घट्ट धरून ठेवावा. पहिले चोवीस तास चूळ भरू नये. गरम काही घेऊ नये. जिभेने पोकळीत चाचपडू नये. तिसऱ्या दिवशीही दुखत असेल तर यावे."

मी वाट बघत होतो, आता कुणीतरी हसेल. पहिला प्रतिसाद आला: "निःशब्द!" दुसरा: "जिभेने पोकळीत चाचपडू नये! विरहाची काय प्रतिमा आहे, ताई!" तिसरा: "तिसऱ्या दिवशीही दुखत असेल तर यावे... हे दार उघडं ठेवणं फक्त बाईलाच जमतं." एकाने लिहिलं, "पुढचा भाग कधी?" सत्तेचाळीस जणांनी तोंड भरून कौतुक केलं. बाईंनी आपलं लिहिलेलं वर जाऊन पाहिलं का? नाही. त्या खालून वर प्रत्येकाला आभार वाटत होत्या. ते वाक्यही त्यांनी संगणकाला शिकवून ठेवलं होतं.

अठ्ठेचाळिसावा प्रतिसाद वेलांटीकाकांचा. तीन-चार ओळी होत्या. बाईंनी नाव वाचलं आणि थेट शेवटचं वाक्य: "कथा कुठे आहे?"

झालं! कान पुन्हा लाल.

"सत्तेचाळीस माणसांना दिसली आणि यांनाच दिसेना!" असं म्हणत त्यांनी संचालिका ताईंना फोन लावला. "ताई, हे काका नेहमीच नाउमेद करतात हो. आज तर कथाच नाही म्हणाले."

पलीकडून ताईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. "मी बघितलं, ताई. माझ्याकडे आणखी तिघींच्या तक्रारी आहेत. आपला गट प्रोत्साहनाचा आहे. तुम्ही फक्त दोन ओळी लेखी द्या."

त्या दोन ओळी माझ्यावरच टाइप झाल्या, मित्रांनो. त्याची मला आजही लाज वाटते. संध्याकाळपर्यंत काकांचा प्रतिसाद पुसला गेला आणि काकांचं नाव गटातून गेलं. दोनशे अकरा.

दोन महिन्यांनी संग्रह घरपोच आला. पान एकतीस, नाव, फोटो. बाईंनी पान उघडून फोटो पाहिला, फोटोत केस बरे आलेत म्हणाल्या, आणि जाऊबाईंना चहाला बोलावलं. जाऊबाई आल्या त्या गालावर हात ठेवून. आठवड्यापूर्वी त्यांची दाढ काढली होती. बाईंनी पान एकतीस त्यांच्यासमोर धरलं.

जाऊबाईंनी आधी पुस्तक चाळलं, मग ते पान वाचलं. अख्ख्या जगात ते पान नीट वाचणाऱ्या त्या दुसऱ्याच.

"अगं, हे तर तुमच्या दवाखान्यातलं! गेल्या आठवड्यात तूच नाही का मला हा कागद दिलास?"

"काहीतरीच काय, वहिनी. ही गोष्ट आहे."

"गोष्ट कसली? 'कापूस घट्ट धरून ठेवावा.' मी धरला होता ना दोन तास!"

बाईंनी पुस्तक ओढून घेतलं. वाचलं. मग पेशंटचं नाव वाचायच्या तसं मोठ्याने पुन्हा वाचलं. जाऊबाई म्हणाल्या, "तोंड पाडू नकोस. मी मघाशी पुस्तक चाळलं ना. एवढ्या सगळ्यात उपयोगाचं एवढंच पान आहे बघ."

त्या गेल्यावर बाई माझ्यासमोर बसल्या. गटातला प्रत्येक प्रतिसाद ईमेलनेही येतो. बाई ते कधी उघडत नव्हत्या. शोधून शोधून त्यांनी काकांचा तो पुसलेला प्रतिसाद काढला आणि पहिल्यांदा पुरता वाचला.

"बाई, घाईत दवाखान्याचं पत्रक चिकटवलेलं दिसतं. स्पर्धा संपायला अजून तीन तास आहेत, बदला. 'चूळ'चा ऊकार दीर्घ आणि बरोबर आहे, अभिनंदन. पण मी त्या आजींसाठी चष्मा पुसून बसलोय. कथा कुठे आहे?"

बाईंनी माझ्यावरचे हात काढून फोन उचलला.

संचालिका ताईंना लावला. "ताई, काकांना परत घ्या. चूक माझी होती."

"अहो ताई, संग्रह छापून झाला. तुमचं पान तर सगळ्यांना आवडलंय."

"ते पान माझं नाही. ती दाढ काढल्यानंतरची काळजी आहे."

"असू दे ना. लोकांना प्रेरणा मिळतेय, त्यात तुमचं काय जातंय?"

बाईंनी फोन ठेवला आणि आजींची गोष्ट काकांच्या ईमेल-पत्त्यावर पाठवली. सोबत एक ओळ लिहिली. अकरा वेळा खोडून उरली ती ही: "चष्मा अजून पुसलेला असेल तर वाचाल का?"

नवव्या दिवशी उत्तर आलं. सतरा चुका, क्रमांक घालून. आजींची पिशवी एका ठिकाणी हिरवी होती आणि एका ठिकाणी जांभळी. खाली लिहिलं होतं: "आजी भेटल्या. शेवटची ओळ काढा, त्याआधीच गोष्ट संपली आहे. गटात परत येणार नाही. तिथे माझ्यावाचून छान चाललंय." बाईंनी ते तीनदा वाचलं. मग संगणकाला शिकवलेली दोन्ही वाक्यं पुसून टाकली. माझी खोडायची कळ त्या दिवशी पहिल्यांदा दुखली, आणि मला बरं वाटलं.

मित्रांनो, मी आता फार दिवस चालायचा नाही. 'ए' दाबली तर एकदा उमटते, दोनदा रुसते. माझं एवढंच मागणं आहे: कुणाचं कौतुक करायचं तर खुशाल करा, पण आधी वाचा. आणि वाचायला वेळ नसेल, तर माझ्यासारख्या मुक्या जीवाला ठोसे मारू नका.

बाकी जमा-खर्च म्हणाल तर असा. बाईंना पान मिळालं आणि एक वाचक राहिला. सत्तेचाळीस जणांना परतफेडीची सत्तेचाळीस 'अप्रतिम' मिळाली. ताईंना जाड संग्रह मिळाला, जाऊबाईंना उपयोगाचं पान. काकांचा सोमवार तेवढा रिकामा झाला. पण खरी किंमत मोजली ती गटातल्या उरलेल्या दोनशे दहा जणांनी. ते अजून दर आठवड्याला लिहितात. त्यांच्या शेजारणीचा डावा हात चौथ्या परिच्छेदात गळ्यात बांधलेला असतो आणि पाचव्यात तोच दार उघडतो. खाली 'अप्रतिम' येतं. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.